ओपा एलिफास आणि चार तोंडांचा भोंगा

समोरच्या बेटावरच्या वाएरुपा गावात आजही छातीठोकपणे सांगतात, की आमालेसीच्या ओपा एलिफासनी एकदा नुसत्या आवाजाने मेलेला माणूस उठवला. आमालेसी म्हणजे आमचं गाव, आणि ओपा म्हणजे आजोबा, जशी ओमा म्हणजे आजी. सांगणारा सांगताना गळ्यातला क्रॉस चाचपतो, ऐकणारा मान डोलावतो, आणि दोघेही आमच्या धक्क्यावर मासे विकायला आले की ओपांकडे चोरून बघत राहतात, जणू ते शिंकले तर आणखी दोन-तीन जण कबरीतून बाहेर येतील.

झालं होतं ते असं. हेर्मानुस नावाचा आमचा एक शेजारी ताडाची दारू पिऊन होडीच्या छपराखाली सकाळी गारठून पडला होता. तो पहिल्यांदा दिसला त्याच्या सासूला, ओमा सालोमिनाला. ओमा अकरा वर्षं या बातमीची वाट बघत होती, त्यामुळे नाडीबिडी बघण्यात तिने वेळ घालवला नाही. तडक राजाकडे गेली. राजाने ओपांना हुकूम दिला, ओपांनी टोपी घातली आणि दवंडी सुरू केली: हेर्मानुस देवाघरी गेला आहे, बायकांनी स्वयंपाकाला यावं, पुरुषांनी फळ्या घेऊन यावं. पहिला कोपरा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्या कोपऱ्यावर हेर्मानुसचंच घर. तोवर त्याला उचलून आत बाजेवर ठेवलेलं. आवाजाने त्याची झोप मोडली, त्याने खिडकी उघडली आणि कोण गेलं म्हणून विचारलं.

ओपा म्हणाले, "हेर्मानुस."

"कुठला हेर्मानुस?"

"या घरातला."

हेर्मानुसला फार वाईट वाटलं. पुरायचं कधी, असंही त्याने विचारलं म्हणतात. ओपांनी ते सांगितलं, त्याच्याकडून "ऐकलं" असं वदवून घेतलं, आणि पाचव्या कोपऱ्याकडे चालू लागले. तिथेही हेर्मानुस मेल्याची दवंडी दिली. जिवंत माणसाला डोळ्यांनी बघून पुढे का गेलात असं लोकांनी विचारलं, तेव्हा ओपा म्हणाले, "हुकूम पाच कोपऱ्यांचा होता. चार कोपऱ्यांना मेलेला आणि पाचव्याला जिवंत, असा माणूस गावात ठेवायचा कसा?" दुपारी राजाचा नवा हुकूम घेऊन ते पुन्हा पाचही कोपरे फिरले, की हेर्मानुस जिवंत आहे. त्या दुसऱ्या दवंडीला ओमा सालोमिनाने अजून "ऐकलं" म्हटलेलं नाही.

तेव्हा ओपांनी कोणाला उठवलं नाही. त्यांनी फक्त आपलं काम पुरं केलं. त्यांच्याबद्दलची कुठलीही गोष्ट उकलत गेलं की शेवटी हेच निघतं.

आमच्याकडे गावाला राजा असतो. सिंहासन वगैरे काही नाही. आमचे बापा राजा मेल्कियानुस दिवसभर अर्ध्या चड्डीत बसून कुणाच्यातरी होडीचं इंजिन उघडत असतात, आणि राजा म्हणून बोलायचं असलं की आधी हात पुसतात. हात पुसून ते जे बोलतात तो हुकूम, आणि तो दारोदार पोचवायचा म्हणजे ओपांचं काम. एकतीस वर्षं हेच. काळी टोपी, तिच्यावर पितळी बिल्ला, हातात मुठीला पितळ मढवलेली काठी, आणि गुडघ्यात लचकणारी चाल, एक पाय हुकमाचा आणि दुसरा स्वतःचा असल्यासारखी. ती चाल मला सहाव्या वर्षापासून येते. आवाज यायला आणखी चार वर्षं लागली.

आवाज अवघडच होता. सुरुवातीचं "ऐकाऽऽ हो ऐकाऽऽ" कोणालाही जमेल. पण "बापा राजा" म्हणायच्या आधी ओपा थांबतात आणि घशात माशाचा काटा अडकल्यासारखा एक आवंढा गिळतात. वरचे दोन दात नसल्यामुळे प्रत्येक "स" शिट्टी होऊन बाहेर पडतो, आणि वाक्याचा शेवट ते लांबवून असा खाली सोडतात, की वाटावं दोराने बादली विहिरीत चालली आहे. लग्नात, धक्क्यावर, चर्चच्या पायरीवर मी हे करून दाखवायचे. लोक पोट धरून हसायचे आणि मग हळूच मागे वळून बघायचे.

पण ओपांची खरी करामत आवाजात नव्हती. दवंडी देऊन झाली की ते हलायचे नाहीत. कोपऱ्यावरच्या एकेका घराकडे बघत उभे राहायचे, आणि त्या घरातून माणूस डोकं बाहेर काढून "ऐकलं" म्हणेपर्यंत नजर काढायचे नाहीत. माझी तांता, म्हणजे मावशी, डोर्चे, जिच्या घरी मी राहते, ती पापेदा, सागोच्या पिठाची खळ, ढवळता ढवळता ओपा बोलायच्या आधीच आतून "ऐकलं, ऐकलं" ओरडायची, कारण पापेद्याची गाठ झाली की घरातले तिला ऐकवायचे. ओपा शांतपणे उभेच. मग तांता हातातल्या चमच्यासकट खिडकीत यायची, दात-ओठ खात म्हणायची, "ऐकलं हो ओपा," आणि ओपा टोपीला बोट लावून पुढे. पाऊस असो, गुडघे सुजलेले असोत. एकदा कुणी घरात नव्हतं तर परत येईपर्यंत दारातल्या ओंडक्यावर बसून राहिले, आणि दवंडी होती ती डुकरं बांधून ठेवण्याची.

हे सगळं असंच चाललं असतं, पण आमचं गाव हुशार करायचं असं जिल्ह्याच्या कचेरीत ठरलं.

तीन वर्षं आम्ही डोंगरातल्या झऱ्यापासून पाण्याचा पाइप मागत होतो. पाइपच्या अर्जावर भोंगा मंजूर झाला. चार तोंडांचा करडा भोंगा, सोबत सूर्यावर चालणारा पत्रा, आणि एक साहेब. साहेबांना बोट लागली होती. धक्क्यावर उतरून त्यांनी आधी समुद्रात ओकलं, मग तोंड पुसून भाषण केलं. "माहिती आता... शेवटच्या... घटकापर्यंत..." एवढं बोलून ते पुन्हा कठड्याकडे धावले. हे भाषण मी फार छान करते, पण तेवढ्यासाठी बादली लागते. साहेबांनी भोंग्यासोबत फोटो काढून घेतला आणि त्याच बोटीने परत गेले. बापा राजांनी भोंगा आपल्या घराच्या माडीवर बसवला. एक तोंड चर्चकडे, एक लवंगांच्या डोंगराकडे, एक स्मशानाकडे, आणि चौथ्याला जागा उरली नाही म्हणून ते समुद्राकडे.

त्यानंतर आठवडाभर राजांनी हात पुसलेच नाहीत. ग्रीस लागलेल्या हातांनी माइक धरून ते बोलत होते. "एक, दोन. एक, दोन. फेलिक्स, माझा पाना आणून दे. एक, दोन." अख्ख्या बेटाला कळलं की फेलिक्सने पाना नेला आहे. पुढे फेलिक्सच्या बायकोलाही कळलं की तो दुपारी पाना घेऊन कुठे जातो, आणि त्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही.

लवंगा वाळवून झाल्या की आमच्याकडे नारळावर बंदी येते. सासी म्हणतात तिला. तीन महिने कोणी, अगदी स्वतःच्या झाडावरसुद्धा, चढायचं नाही. फळ पिकून आपोआप पडेल ते गोळा करायचं, सगळ्यांचं एकत्र वाळवायचं. खोडांना कोवळ्या झावळ्या बांधतात, राखणदार फिरतात, पण बंदी सुरू होते ती दवंडीने. दवंडी झाली नाही तर झावळी म्हणजे नुसती सजावट.

राजांनी ओपांना बोलावलं आणि माडीवर चढून माइकमध्ये दवंडी द्यायला सांगितलं. ओपा खालीच उभे राहिले. म्हणाले, ज्याच्या तोंडाकडे मला बघता येत नाही त्याला मी हुकूम सांगत नाही. राजांनी समजावलं, की ओपांच्या गुडघ्यांसाठीच हे चाललं आहे. ओपा म्हणाले, गुडघ्यांनी तक्रार केलेली नाही. तेव्हा राजांनी, कदाचित माइक हातात असल्यामुळे, जरा मोठ्यानेच सांगून टाकलं: ही बंदी भोंग्यावरून होईल, आणि ती नीट लागू झाली तर नव्या वर्षाच्या प्रार्थनेला ओपांनी टोपी आणि काठी चर्चमध्ये आणून ठेवायची. माइक चालू होता. ओपांची नोकरी जाणार ही बातमी ओपांच्या पायांशिवाय गावात फिरली. अशी ती पहिलीच.

मग राजांनी मला बोलावलं. लोकांना ओपांच्या आवाजाची सवय आहे, ते म्हणाले, आणि तो आवाज तुझ्याकडे पण आहे. मला काय, मी माडीच्या अर्ध्या पायऱ्या चढूनही गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवंडीला जाताना ओपांच्या घरावरून गेले. ते पायरीवर बसून काठीची मूठ राख आणि लिंबाने घासत होते.

"नोना, इकडे ये," ते म्हणाले. "तू आज माझा आवाज काढणार म्हणे."

मी म्हटलं, राजांचा हुकूम आहे.

"काढ. पण लोक ऐकतील असं वाटतं तुला?"

"तुमच्यापेक्षा जास्त ऐकतील, ओपा. भोंगा पाच कोपरे एका दमात घेतो. लावता पैज?"

ते हसले नाहीत. मुठीवर फुंकर मारून म्हणाले, "लावतो. तुझ्या दवंडीने बंदी लागली, तर ही काठी चर्चमध्ये ठेवायच्या आधी तुझ्या हातात देईन, गावभर मिरव. आणि नाही लागली, तर नारळ उघडेपर्यंत तुझ्या तोंडावर बंदी. कोणाचा आवाज काढायचा नाही, माझा नाही, राजाचा नाही, त्या बोट लागलेल्या साहेबाचा पण नाही."

तीन महिने. मी मनातल्या मनात काठी घेऊन मिरवत होते, म्हणून हो म्हटलं. उठता उठता विचारलं, की टोपी गेली तर एवढं काय, घरी आराम पडेल.

ओपांनी काठी आडवी मांडीवर ठेवली. "टोपी काढून घेतली, तर मग मी कुणाच्या दारात काय म्हणून उभा राहू?" एवढंच बोलले आणि पुन्हा घासायला लागले. बायको जाऊन त्यांना नऊ वर्षं झालीत. त्यांच्याकडे कोणी येत नाही, तेच सगळ्यांकडे जातात. हे मला तेव्हा कळलं, पण मी पैज लावून बसले होते.

माझी दवंडी सुरेख झाली. काटा गिळला, शिट्ट्या वाजवल्या, बादली अशी विहिरीत सोडली की राजांनीसुद्धा दचकून माझ्या तोंडाकडे बघितलं. खाली घराघरांतून डोकी बाहेर आली. सवयीने काही जण "ऐकलं" म्हणालेही. मग त्यांनी रस्त्यावर ओपांना शोधलं. रस्त्यावर एक कोंबडी होती. डोकी एकेक करून आत गेली.

तिसऱ्या दिवशी राखणदारांनी हेर्मानुसला नारळाच्या शेंड्यावर पकडलं. त्याला उतरवायला गेले तर शेजारच्या झाडावर फेलिक्स. त्याच्या पुढच्यावर शाळेचे मास्तर. राखणदारांना आणखी पुढे बघायचं धाडस झालं नाही, कारण पुढचं झाड एका राखणदाराच्याच मेव्हण्याचं होतं.

सभामंडपात गाव जमलं. राजांनी हात पुसले. हेर्मानुसला विचारलं, बंदी असताना चढलास कसा.

"कुठली बंदी?" हेर्मानुस म्हणाला.

दवंडी ऐकली नाहीस का, असं विचारलं तर त्याने सांगितलं की तो झोपला होता. त्याच्या झोपेबद्दल गावात शंका घेण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. फेलिक्स रंधा मारत होता. मास्तर वर्गात होते आणि मुलं फार ओरडत होती, हे सांगताना मुलांनी माना खाली घातल्या. एक जण डोंगरात होता, एक समुद्रात होता, एकीच्या कानात तेल घातलेलं होतं. ज्या भोंग्याच्या आवाजाने चर्चच्या छतावरची पाकोळ्यांची पिल्लं खाली पडली, तो आमालेसीत कोणालाच ऐकू आला नव्हता.

राजांचा चेहरा इंजिनासारखा तापायला लागला. त्यांनी माझ्या तांताकडे वळून सांगितलं, की डोर्चे, तू तर खिडकीत आली होतीस, मी माडीवरून पाहिलं.

तांता डोर्चे उभी राहिली. बंदी पोचली होती असं ती माझ्यासाठी खोटं बोलेल, असं मला वाटलं. ती माझी तांता आहे. पण तिने त्याहून वाईट केलं, ती खरं बोलली.

"आवाज ऐकला, बापा. ओपांचाच वाटला. खिडकीत आले, तर ओपा नाहीत. आवाज आहे आणि माणूस नाही. आमच्या आईने आम्हांला शिकवलंय, ज्याचा माणूस दिसत नाही त्या आवाजाला ओ द्यायची नाही. तुमच्या आईने नाही शिकवलं?"

मंडपात असं सुस्कारल्यासारखं झालं. हे कोणालाच सुचलं नव्हतं आणि सगळ्यांनाच मनापासून पटलं. लगेच फेलिक्सला आठवलं, की रंधा मारताना त्यालाही आवाज आला होता, पण ओ देऊन जीव कशाला घालवा. मास्तरांना आठवलं. कानातल्या तेलातूनसुद्धा आठवलं. राजांची म्हातारी आई पुढच्याच बाकावर होती, तिने तर जोरात मान डोलावली. ती अजून संध्याकाळी झाडीतून कोणी हाक मारली तर तीनदा थुंकते. आता राजा, चर्चच्या मंडळाचे सभासद असूनही, आईच्या तोंडावर काय बोलणार?

त्यांनी शेवटचा दोर पकडला. म्हणाले, भूत कसलं, ती ही पोरगी होती, ओपांचा आवाज काढत होती. आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

गाव माझ्याकडे वळलं. हेर्मानुसने अगदी नम्रपणे विचारलं, की म्हणजे बंदी नोनाने घातली का. तिला बंदी घालायचा अधिकार कधीपासून. राजांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात धक्क्याकडून चार माणसं आत आली. वाएरुपाची. मधोमध त्यांचा वडीलधारा बापा लाझारुस, इस्त्रीचा शर्ट घालून.

वाएरुपावाले बसले नाहीत. लाझारुसनी सांगितलं, की तीन दिवसांपूर्वी समुद्रावरून मेलेल्याला उठवणाऱ्या ओपांचा आवाज आला, नारळावर बंदी म्हणून. त्या आवाजाशी हुज्जत घालायची वाएरुपात कोणाची छाती नाही. तीन दिवस त्यांच्याकडे कोणी झाडाला हात लावलेला नाही, पोरांना शहाळं मिळालेलं नाही, आणि एका लग्नाची खीर नारळाच्या दुधाशिवाय झाली, ती पाहुण्यांनी खाल्ली नाही. तेव्हा त्यांना एवढंच विचारायचं होतं, की आमालेसीच्या राजाने वाएरुपाच्या नारळावर बंदी कुठल्या अधिकाराने घातली.

भोंग्याच्या चौथ्या तोंडाने आपलं काम चोख केलं होतं. ज्या गावाची बंदी, तिथे एकही जण थांबला नव्हता. ज्या गावाशी संबंध नाही, तिथे एकानेही नारळ तोडला नव्हता.

बापा राजा बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. मग त्यांनी मंडपाच्या मागच्या खांबाशी बघितलं. ओपा तिथे टोपी घालून उभे होते, सगळा वेळ.

"ओपा," राजा म्हणाले, "गुडघे कसे आहेत?"

"ठीक आहेत, बापा."

"मग जरा फिरून या."

नव्या वर्षाबद्दल कोणी काही बोललं नाही. राजांनी आधी लाझारुसना सांगितलं, की वाएरुपाचे नारळ वाएरुपाचेच आहेत. मग ओपांना आमची बंदी सांगितली. ओपांनी ती सगळ्यांसमक्ष एकदा म्हणून दाखवली, काठी उचलली, आणि लचकत बाहेर पडले. गाव धावत आपापल्या घरी गेलं, कारण ओपा पोचतील तेव्हा खिडकीत कोणी नसेल तर ते ओंडक्यावर बसून राहतात, आणि आज कोणालाही ते नको होतं.

पहिला कोपरा, दुसरा, तिसरा. प्रत्येक घरातून डोकं बाहेर येत होतं, "ऐकलं" म्हणत होतं, आणि ऐकल्यानंतर बिचाऱ्याला तीन महिने नारळाकडे नुसतं बघत बसायचं होतं. चौथ्यावर हेर्मानुसने म्हटलं. त्याची सासूसुद्धा त्याच खिडकीतून म्हणाली.

पाचवा कोपरा आमचा. तांता चमचा बाजूला ठेवून खिडकीत आधीच उभी. ओपांनी नारळाची दवंडी दिली, तिने ऐकलं म्हटलं, त्यांनी टोपीला बोट लावलं. पण हलले नाहीत. घसा खाकरला आणि पुन्हा सुरू केलं.

"ऐकाऽऽ हो ऐकाऽऽ. ही राजाची दवंडी नाही, एलिफासची आहे. या घरातली पोरगी पैज हरली आहे. नारळ उघडेपर्यंत तिच्या तोंडावर बंदी. तिने कोणाचा आवाज काढायचा नाही, कोणी तिला काढायला सांगायचं नाही. सांगेल त्यालाही हीच बंदीऽऽ."

शिट्ट्या, बादली, सगळं होतं. माझ्यापेक्षा किंचित सरसच होतं. शेजारच्या साऱ्या खिडक्या भरल्या. इतक्या आनंदाने ऐकलेली दवंडी त्या कोपऱ्यावर आजवर झाली नसेल. सगळ्यांनी न मागता "ऐकलं" म्हटलं, राजाच्या आईनेही, जिचा तो कोपराही नाही.

ओपा उभे. मी आतून, भिंतीला पाठ लावून म्हटलं, "ऐकलं."

"डोकं बाहेर, नोना."

मी डोकं बाहेर काढलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी कोणाच्या आवाजात बोलते याची वाट बघत. मग मी माझ्याच आवाजात म्हटलं.